आज्ञा ज्याची, तपासही त्याचाच?

एप्रिल २०१४ मध्ये दक्षिण कोरियाच्या २८ व्या पायदळ डिव्हिजनमधील एका तरुण सैनिकाचा मृत्यू झाला, तेव्हा खाताना घास घशात अडकून तो गुदमरला, असे सांगण्यात आले. त्याच्याच तुकडीतील वरिष्ठ सैनिक त्याला कित्येक आठवडे मारहाण करत होते आणि शेवटचा मारही खातानाच बसला होता, ही हकीकत लष्कराबाहेरच्या एका मानवाधिकार संस्थेने जुलैअखेर उजेडात आणली, आणि मग काही दिवसांतच भूदलप्रमुखांना पद सोडावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी तैवानमध्ये एका कॉर्पोरलला, सेवामुक्तीला थोडेच दिवस उरलेले असताना, कॅमेरा असलेला मोबाइल तळावर आणल्याबद्दल कोठडीत टाकले गेले. तिथे ऐन उन्हाळ्यात करायला लावलेल्या कसरतींनी त्याला उष्माघात झाला आणि तो दगावला. चौकशी सुरू झाल्यावर कोठडीतील सीसीटीव्ही चित्रणाचा नेमका हवा तोच भाग कोरा निघाला.

या दोन्ही प्रकरणांतील क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो मृत्यूनंतरचा पहिला वृत्तान्त, कारण तो वृत्तान्त ज्यांनी तयार केला त्यांनाच सत्य बाहेर येण्याची सर्वांत जास्त भीती होती. जगातील बहुतेक सैन्यांत आज्ञा देणे, शिक्षा करणे, तक्रार ऐकणे, तिचा तपास करणे, खटला चालवायचा की नाही हे ठरवणे आणि तक्रारदाराच्या बढतीविषयी शेरा लिहिणे, हे सारे अधिकार दीर्घकाळ एकाच अधिकारपरंपरेत, पुष्कळदा एकाच माणसाच्या हातात राहिले आहेत. लष्करातील छळाशी खरोखर दोन हात करायचे असतील, तर ही मोळी सोडवावी लागेल. ती बांधलेली असेपर्यंत बाकीचे उपाय, म्हणजे व्याख्याने, शपथा, भित्तिपत्रके आणि वर्षातून एकदा होणारी जागृतीची कवायत, हे देखावेच राहतात.

हा विषय निघाला की एक आक्षेप ठरलेलाच असतो. सैनिकाला उद्या शत्रूसमोर उभे राहायचे आहे. शिव्या, चार थपडा, रात्रभर उभे राहण्याची शिक्षा एवढेही ज्याला सोसवत नाही तो गोळीबारात काय टिकणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो घेणारे बहुतेक लोक स्वतः त्या भट्टीतून गेलेले असतात आणि आपण सोसले ते व्यर्थ होते असे मान्य करणे कोणालाच सोपे जात नाही. शिवाय त्यात सत्याचा अंश आहे. लष्करी प्रशिक्षण कठोर असलेच पाहिजे. झोपेविना, उपाशीपोटी, थंडीपावसात निर्णय घेण्याचा सराव शांततेच्या काळात केला नाही, तर त्याची किंमत युद्धात जिवाने मोजावी लागते.

मात्र कठोर प्रशिक्षण आणि छळ यांतील रेषा अगदीच धूसर आहे, हे मला पटत नाही. कठोर प्रशिक्षण अभ्यासक्रमात लिहिलेले असते, ते सर्वांना सारखे लागू असते, जवळपास डॉक्टर असतो, ते कधी संपणार हे ठरलेले असते आणि ते घेणारा प्रशिक्षक आपल्या वरिष्ठासमोर तेच न कचरता करून दाखवू शकतो. छळ दिवे मालवल्यावर सुरू होतो, त्यासाठी एखादाच माणूस निवडला जातो, तो कधी थांबेल हे छळणाऱ्याच्या लहरीवर असते, आणि कोणी विचारलेच तर जिन्यावरून पडलो असे सांगायचे, हेही त्या शिक्षेबरोबरच शिकवले जाते.

या दोहोंतील सीमा ओलांडली जाते तेव्हा काय घडते, याची नोंद अमेरिकी मरीन दलाच्या इतिहासात आहे. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंड या प्रशिक्षण तळावरील मॅथ्यू मॅकिऑन नावाच्या प्रशिक्षकाने, आपल्या तुकडीला शिस्त नाही म्हणून, नवशिक्यांना अंधारात रिबन क्रीक या दलदलीच्या खाडीत उतरवले. तो स्वतः पुढे चालत होता, तेव्हा त्याला कोणाचा जीव घ्यायचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण हा प्रकार कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता, त्याला कोणाची परवानगी नव्हती आणि सहा तरुण बुडून मेले. त्यानंतर मरीन दलाने प्रशिक्षकांची निवड आणि त्यांच्यावरील अधिकाऱ्यांची देखरेख कडक केली, तरी ते अधिक कोमल किंवा निकामी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच तळावर एका मुस्लिम प्रशिक्षणार्थ्याचा मृत्यू झाला आणि प्रशिक्षणार्थ्यांच्या छळाबद्दल एका प्रशिक्षकाला २०१७ मध्ये दहा वर्षांची कैद झाली. देखरेख एकदा वाढवली की प्रश्न कायमचा मिटतो, असे मानण्याची सोय या दुसऱ्या घटनेने ठेवलेली नाही.

जर्मनीत कोएसफेल्ड येथे २००४ मध्ये प्रशिक्षकांनी नवशिक्यांना ओलीस ठेवल्याचा सराव म्हणून बांधून घातले, त्यांच्यावर पाणी ओतले आणि काहींना विजेचे झटके दिले. ओलीस परिस्थितीचा सराव लष्कराला लागतो हे खरेच. परंतु प्राथमिक प्रशिक्षणात तो नव्हताच, आणि पुढे नागरी जगातल्या साध्या फौजदारी न्यायालयात जेव्हा या प्रशिक्षकांवर खटला उभा राहिला, तेव्हा ‘वास्तवाशी जुळणारे प्रशिक्षण’ ही सबब फार काळ टिकली नाही.

कणखरपणाच्या युक्तिवादाला आणखी एक उत्तर आहे आणि ते निव्वळ लष्करी आहे. तुकडी लढते ती शेजारच्या माणसावरील विश्वासाच्या बळावर. ज्याने रात्री पट्ट्याने मारले, त्याच्याच गोळीबाराच्या आडोशाने सकाळी पुढे सरकायचे, ही अपेक्षा करणाऱ्याला माणसाचे मन समजलेले नाही. जून २०१४ मध्ये, वर सांगितलेल्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, दक्षिण कोरियाच्या सीमेवरील एका चौकीत एका सार्जंटने आपल्याच पाच सहकाऱ्यांना ठार केले. आपल्याला वाळीत टाकून हिणवले जात होते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. परंतु भरलेली बंदूक हाती असलेल्या माणसांच्या वस्तीत अपमानाचा साठा होऊ देणे हा सुरक्षेचाच प्रश्न आहे, हे सेनापतींना कळायला मानवाधिकारांचे पुस्तक लागू नये.

छळ करणारे हे मुळातच विकृत असतात, ही समजूत सोयीची आहे, कारण मग दोनचार नासके आंबे वेचून बाजूला काढले की भागते. रशियाचा अनुभव याच्या उलट आहे. सोव्हिएत संघात १९६७ च्या कायद्याने भूदलातील सक्तीच्या सेवेची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आणि भरती वर्षातून दोनदा होऊ लागली. त्यामुळे प्रत्येक बराकीत सहा-सहा महिन्यांच्या अंतराने आलेल्या चार तुकड्या एकत्र राहू लागल्या आणि हुद्द्याने सारे सारखेच शिपाई असूनही सेवेच्या महिन्यांवरून एक उतरंड तयार झाली. शेवटच्या सहामाहीतले ‘आजोबा’ सगळ्यात नव्या पोरांकडून कपडे धुऊन घेत, पैसे काढून घेत, मारझोड करत, आणि तीच पोरे वर्षा-दीड वर्षाने ‘आजोबा’ होऊन आपल्या वाट्याला आलेले पुढच्यांच्या पदरात घालत. या ‘देदोव्श्चिना’त, म्हणजे ‘आजोबां’च्या राज्यात, दर सहा महिन्यांनी माणसे बदलत होती आणि पद्धत मात्र तशीच राहत होती.

ती टिकली, कारण ती अधिकाऱ्यांच्या उपयोगाची होती. बराकीत राहून शिस्त राखणारे, नोकरी म्हणून सैन्यात आलेले अनुभवी हवालदार-नाईक त्या सैन्यात पुरेसे नव्हते; संध्याकाळी अधिकारी घरी गेले की बराक जुन्या शिपायांच्या ताब्यात जाई, आणि सकाळी बिछाने नीट लागलेले व रांग सरळ उभी दिसली की ती कोणत्या उपायाने उभी राहिली हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे. छळ ही अशा ठिकाणी फुकटात मिळणारी व्यवस्थापनाची सोय असते. डिसेंबर २००५ च्या शेवटच्या रात्री चेल्याबिन्स्क येथील रणगाडा प्रशिक्षण संस्थेत एका नवभरती सैनिकाला तासन्‌तास उकिडवे बसवून मारण्यात आले. वेळेवर उपचार न मिळाल्याने त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. एवढे झाल्यावर देश हादरला. २००८ पासून रशियात सक्तीच्या सेवेची मुदत एक वर्षावर आली, आणि त्यामागे इतर कारणांबरोबर, वर्षभराने ‘आजोबा’ उरूच नयेत हाही हिशेब होता. छळ त्याने संपला नाही, पण त्याचे एक यंत्र मोडले. त्याआधी, १९८९ पासून, सैनिकांच्या आयांनी स्थापन केलेल्या समित्या बराकींच्या दाराशी जाऊन आपल्या मुलांचा हिशेब मागत होत्या. लष्करी अभियोक्त्यांनी जे करायला हवे होते ते त्या करत होत्या.

ब्रिटनमध्ये सक्तीची भरती कधीच संपली आहे, तरीही डीपकट छावणीत १९९५ ते २००२ या काळात चार तरुण प्रशिक्षणार्थी बंदुकीच्या गोळीने मेले. ज्येष्ठ वकील निकोलस ब्लेक यांच्या २००६ च्या अहवालाने हे मृत्यू स्वतःच्या हातून झाले असण्याची शक्यता अधिक मानली, पण त्या छावणीचे जे चित्र त्यांनी मांडले ते रशियन बराकीच्या फार जवळ जाणारे होते: पुढील नेमणुकीची वाट पाहत रिकामे बसलेले शेकडो तरुण, त्यांच्या मानाने मोजकेच प्रशिक्षक आणि तक्रार न्यायची तर त्यांच्याकडेच. संस्कृती बदला, असे सांगणारे अहवाल शेल्फभर आहेत. रात्री बराकीत जबाबदार माणसे किती आहेत, हा प्रश्न त्यापेक्षा रुक्ष आहे आणि तो आधी विचारायला हवा.

तक्रार का होत नाही, याचे उत्तर आता वेगळे शोधावे लागत नाही. सैनिकाला नोकरी सोडून निघून जाता येत नाही; न सांगता गेला तर तो पळपुटा ठरतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो शेजारच्या खाटेवर झोपतो किंवा सकाळच्या हजेरीला समोर उभा असतो. रजा, बदली, गोपनीय अहवाल, पुढचा कोर्स, सारे त्याच इमारतीतून ठरते. त्यावर ‘घरातल्या गोष्टी घरात’ ही शिकवण, जी युद्धात उपयोगी पडणाऱ्या निष्ठेसारखी दिसते आणि म्हणूनच जास्त घातक आहे. लैंगिक छळाच्या बाबतीत ही कोंडी पूर्ण होते. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या हवाई दलातील एका महिला सैनिकेने मार्चमध्ये लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. वरिष्ठांनी तिला प्रकरण मिटवण्याचा आग्रह केला, ती दुसऱ्या तळावर गेली आणि मे महिन्यात तिने आयुष्य संपवले. हवाई दलप्रमुखांनी राजीनामा दिला, आणि कायदा बदलून जुलै २०२२ पासून लैंगिक गुन्हे व मृत्यूशी संबंधित गुन्हे लष्करी न्यायालयांकडून काढून नागरी न्यायालयांकडे देण्यात आले. तैवानने तर २०१३ मध्ये त्या कॉर्पोरलच्या मृत्यूनंतर, प्रचंड मोर्चानंतर काही दिवसांतच, शांतताकाळातील सैनिकांचे खटले नागरी न्यायालयांकडे वळवले. मोबाइलच्या बाबतीत दक्षिण कोरियाने एक साधी गोष्टही केली: २०१९ पासून प्रयोग म्हणून आणि २०२० पासून नियम म्हणून सैनिकांना कामानंतर फोन वापरू दिला. घरच्यांशी रोज बोलणाऱ्या मुलाच्या अंगावरचे वळ लपवणे जरा कठीण जाते.

छळ बराकीच्या भिंतींच्या आत राहतो, असेही समजू नये. कॅनडाच्या एअरबोर्न रेजिमेंटमधील सैनिकांनी मार्च १९९३ मध्ये सोमालियात शांतता मोहिमेवर असताना एका किशोरवयीन मुलाला कोठडीत मारून ठार केले. पुढे त्याच रेजिमेंटमधील नवागतांच्या किळसवाण्या ‘दीक्षाविधीं’च्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर आल्या आणि १९९५ मध्ये सरकारने ती रेजिमेंटच विसर्जित केली. चित्रफितीतील आणि कोठडीतील माणसे तीच नव्हती, आणि एकातून दुसरे थेट निघाले असा दावा मी करणार नाही. पण आपल्याच माणसाची विटंबना करण्याची ज्या ठिकाणी गंमत वाटते आणि ती रोखायला कोणी पुढे होत नाही, तिथे परक्या, निःशस्त्र माणसाच्या बाबतीत हात आवरेल ही आशा बाळगणे धाडसाचे आहे.

आता खऱ्या वादाच्या मुद्द्याकडे येऊ. तपास आणि खटल्याचा निर्णय कमांडिंग अधिकाऱ्याच्या हातून काढला तर त्याचा वचक जाईल, आणि वचक गेला की शिस्त गेली, असे अनुभवी सेनाधिकारी प्रामाणिकपणे सांगतात. अमेरिकेत कर्स्टन गिलिब्रँड यांनी २०१३ मध्ये सिनेटमध्ये असे विधेयक आणले, तेव्हा सेनादलांच्या प्रमुखांनी त्याला हाच विरोध केला. टेक्सासमधील फोर्ट हूड तळावरील एका तरुण सैनिकेच्या २०२० मधील खुनानंतर आणि त्या तळावरील वातावरणाचे वाभाडे काढणाऱ्या स्वतंत्र अहवालानंतर हा विरोध ढासळला. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला आणि डिसेंबर २०२३ पासून खून, बलात्कार, कौटुंबिक हिंसा यांसारख्या गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय स्वतंत्र लष्करी अभियोक्ते घेऊ लागले. अधिकाऱ्याचा हुकूम आजही पाळला जातो. ज्या वचकाला सहकाऱ्याविरुद्धचा खटला दाबण्याचा अधिकार लागतो, तो वचक शिस्तीचा कधी नव्हताच.

याहून जुनी आणि माझ्या मते अधिक शिकण्यासारखी उदाहरणे युरोपात आहेत. स्वीडनने १९१५ मध्येच सैनिकांसाठी वेगळा संसदीय लोकपाल नेमला होता. पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारताना १९५६ मध्ये राज्यघटनेतच संसदेच्या संरक्षण आयुक्ताची तरतूद केली आणि १९५९ पासून ते पद प्रत्यक्षात आले. कोणताही जर्मन सैनिक वरिष्ठांची पायरी न चढता या आयुक्ताला थेट पत्र लिहू शकतो; आयुक्त कोणत्याही तळावर पूर्वसूचना न देता जाऊ शकतो आणि दरवर्षी आपला अहवाल संसदेपुढे ठेवतो. त्याला कोणालाही शिक्षा करता येत नाही, आणि कोएसफेल्ड त्याच्या अस्तित्वातच घडले, हे विसरता कामा नये. पण सैनिकाच्या पत्राला तुकडीबाहेर पोहोचण्याची वाट आहे हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असणे, यातच अर्धे काम होते. ब्रिटनने २०१६ मध्ये नेमलेला सैनिकी तक्रारींचा लोकपाल या तुलनेत अडखळत आला, कारण तक्रार सहसा आधी लष्कराच्या अंतर्गत पायऱ्यांवरून फिरून यावी लागे, आणि त्या पायऱ्यांवरच बरेच जण थकत.

कायद्याची उणीव हे कारण तर क्वचितच असते. भारताच्या १९५० च्या लष्कर कायद्यातील कलम ४७ नुसार हाताखालच्या माणसावर हात उगारणाऱ्या किंवा त्याला वाईट वागणूक देणाऱ्या अधिकाऱ्याला वा हवालदाराला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; अशीच कलमे बहुतेक देशांच्या लष्करी कायद्यांत आहेत. कलम लावायचे की नाही हे ठरवणारा कोण, इथे गाडी अडते. सदिच्छेनेही भागत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती मारी देशाँ यांनी २०१५ मध्ये सैन्यातील लैंगिक छळावर सडेतोड अहवाल दिला आणि लष्कराने ‘ऑपरेशन ऑनर’ नावाची मोहीम मोठ्या गाजावाजाने सुरू केली. सहाच वर्षांत ती गुंडाळली गेली, आणि ती सुरू करणारे सरसेनाध्यक्ष स्वतःच चौकशीच्या फेऱ्यात सापडून २०२२ मध्ये न्यायकार्यात अडथळा आणल्याच्या गुन्ह्याची कबुली देऊन मोकळे झाले. त्याच वर्षी दुसऱ्या माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांना जवळपास त्याच प्रश्नावर पुन्हा अहवाल लिहावा लागला.

जुन्या जखमांचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेत १९५० च्या फेरेस खटल्यातील निकालामुळे सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, आणि हे दार आजही फारसे उघडलेले नाही. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये नेमलेल्या कार्यगटाने उलट वाट धरली: दशकांपूर्वीच्या छळाच्या दोन हजारांहून अधिक तक्रारी त्याच्याकडे आल्या, आणि तक्रार विश्वासार्ह वाटते का एवढाच निकष लावून त्याने ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत भरपाई दिली. फौजदारी शिक्षेसाठी हा निकष अपुरा आहे. पण ज्याची कागदपत्रे त्याला छळणाऱ्यांच्याच कपाटात होती, त्याच्याकडे संशयातीत पुरावा मागणे ही क्रूर थट्टा ठरली असती.

राहता राहिला रोजच्या कारभाराचा भाग, ज्याकडे आयोगांचे लक्ष कमी जाते. तक्रार झाली की बहुतेक वेळा बदली होते ती तक्रारदाराची, ‘त्याच्याच भल्यासाठी’. तपास संपेपर्यंत हलवायचे असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला हलवावे, आणि तक्रारीनंतरच्या दोन वर्षांत तक्रारदाराविषयी लिहिलेला प्रत्येक प्रतिकूल शेरा तुकडीबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासावा. तसेच, ज्याच्या तुकडीत एकही तक्रार नाही तो उत्तम अधिकारी, हा हिशेब बदलावा लागेल. शेकडो तरुण माणसे वर्षभर एकत्र राहिली आणि एकानेही कशाबद्दल तोंड उघडले नाही, तर वरिष्ठांनी त्या अधिकाऱ्याचे अभिनंदन करण्याआधी त्या बराकीत न सांगता जावे. आणि ज्याने तक्रार आल्याच्या दिवशीच ती स्वतःहून बाहेरच्या तपासाकडे सोपवली, त्याच्या गोपनीय अहवालात ती गोष्ट बढतीच्या बाजूने लिहिली जावी.